घरी बांधलेला इन्फ्रारेड सॉना: अडगळीच्या खोलीतल्या कामाच्या नोंदी

3 नोव्हेंबर 2024, भाऊबीज

आज नक्की ठरलं. मागच्या अडगळीच्या खोलीत बायकोसाठी एका माणसाचा इन्फ्रारेड सॉना बांधायचा, म्हणजे तापणाऱ्या पॅनेलांची ऊब अंगावर घेत बसायची लाकडी पेटी.

तिला सहा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. औषधं नियमित चालू आहेत, सूज आटोक्यात आहे, पण सकाळी उठल्यावर तास-सव्वा तास बोटं मिटत नाहीत. नाशिकची थंडी पडली की तेच दोन तासांवर जातं. परवा सकाळी तिच्या हातातली सांडशी सैल पडली आणि दुधाचं पातेलं ओट्यावर उलटलं. ती काही बोलली नाही, ओटा पुसत राहिली. मला ते बघवलं नाही.

संधिवाताच्या डॉक्टरांना आधी विचारून घेतलं. ते म्हणाले, शेकानं आखडलेपणा तेवढ्यापुरता कमी होईल, रोग जाणार नाही. सांधे लाल होऊन सुजले असतील त्या दिवशी आत बसायचं नाही. आणि बरं वाटलं म्हणून एकही गोळी आपल्या मनानं कमी करायची नाही. यावर नेदरलँड्समध्ये झालेला एक छोटा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला आहे. ऱ्हुमॅटॉइडचे 17 आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचे (मणक्याच्या संधिवाताचे) 17 रुग्ण चार आठवड्यांत आठ वेळा इन्फ्रारेड सॉनात बसले. आत असताना दुखणं आणि ताठरपणा चांगलाच उतरला, कुणाचा आजार बळावला नाही. पुढे टिकणारा फायदा मात्र आकड्यांत ठामपणे दिसला नाही. आम्हीही एवढीच अपेक्षा धरून सुरुवात करतोय.

तयार केबिनचा भाव 1 लाख 35 हजार सांगितला. माझा अंदाज 60 हजारांचा आहे. मी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, त्यामुळे वायरिंग जमेल. लाकडातलं काही कळत नाही. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना विजेच्या कामाची सवय नाही, त्यांनी ते काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्यावं, ही कळकळीची विनंती.

10 नोव्हेंबर

ऊब देणारी कार्बनची पॅनेलं आली. 300 वॅटची पाच: पाठीला दोन, दोन्ही बाजूंना एकेक, पोटऱ्यांसमोर एक. एकूण 1500 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर. सिरॅमिक नळ्यांचाही विचार केला होता, पण नळीचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पुढे जातो आणि एकाच जागी चटका बसतो. कार्बनचं पॅनेल पसरट असतं, नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापतं आणि ऊब अंगावर सारखी येते. बोटांत संवेदना कमी-जास्त असणाऱ्या माणसासाठी मला हेच बरं वाटलं.

विकणारे सांगतात की किरणं अंगात चार-चार सेंटिमीटर आत जातात. तसं नसतं. लांब लहरींचं इन्फ्रारेड कातडीच्या वरच्या मिलिमीटरभरातच मुरतं. तिथून पुढे ऊब नेण्याचं काम रक्त करतं. म्हणूनच दहा मिनिटांनी नाडी वाढते आणि घाम फुटतो.

जोडण्याआधी सवयीनं मीटर लावला, आणि बरं झालं लावला. 230 व्होल्टच्या 300 वॅटच्या पॅनेलचा रोध साधारण 176 ओहम यायला हवा. आला 41. ही पॅनेलं 110 व्होल्टची होती. खोक्यावरच्या चिठ्ठीवर 220 छापलेलं, आत माल दुसराच. तशीच जोडली असती तर प्रत्येक पॅनेलनं 300 ऐवजी जवळजवळ 1290 वॅट ओढले असते, आणि तेही लाकडाच्या पेटीत. पाचही परत पाठवली. परदेशातून कुणी जुनी केबिन आणत असेल तर ही तपासणी आधी करा. दहा रुपयांचा सेल आणि एक मल्टिमीटर पुरतो.

20 नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि बाकीचा दिवस लाकडात गेला. फुकट गेला म्हणायला हरकत नाही.

अंबडच्या एमआयडीसीजवळ जुन्या पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या स्वस्तात मिळतात. गेल्या रविवारी 22 फळ्या आणि आठ-दहा ठोकळे 4,800 रुपयांना आणले होते. आज रंधा मारायला काढले तेव्हा दोन ठोकळ्यांवर जळका शिक्का दिसला. गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची अक्षरं आणि खाली एमबी. परदेशी पॅकिंगच्या लाकडावर कीड मारण्याची प्रक्रिया कोणती केली ते या शिक्क्यात लिहिलेलं असतं. एचटी म्हणजे नुसती उष्णता दिलेली. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, विषारी वायूची धुरी दिलेलं लाकूड. शिक्का ठोकळ्यावर असतो, सुट्या फळीवर नसतो. त्यामुळे कुठली फळी कुठल्या खोक्याची, हे आता कळायला मार्ग नाही. शिवाय त्या फळ्यांवर आधी कारखान्यात काय सांडलं असेल तेही माहीत नाही.

साठ अंश तापलेल्या बंद पेटीत आजारी माणूस त्या फळ्यांना पाठ लावून बसणार. मी सगळा ढीग बाजूला काढला. त्याचे शेडमध्ये फळीचे कप्पे होतील.

वखारीतून नवीन, भट्टीत सुकवलेला पाइन 17,400 रुपयांना घेतला. निवडून घेताना वखारवाल्याला जरा त्रास दिला, पण गाठी नसलेल्याच फळ्या उचलल्या. गाठीतून उष्णतेनं राळ पाझरते, अंगाला चिकटते आणि भाजते. देवदार सुरेख टिकतो, पण त्याचा वास बायकोला तासभरही सोसत नाही. सागवान खिशाबाहेर.

1 डिसेंबर

पॅनेलं बरोबर आली (26 तारखेला). पाचही मोजली: 172 ते 179 ओहम. सोळा दिवस यात गेले.

मिस्त्रींनी सांगाडा उभा केला. बाहेरून साडेतीन बाय साडेतीन फूट, उंची सव्वासहा. उंची याहून वाढवू नका, गरम हवा डोक्यावर जाऊन बसते आणि पाय थंड राहतात. मिस्त्री आधी प्लाय आणि सनमायका म्हणत होते, दोन दिवसांत काम झालं असतं. पण प्लायच्या गोंदातलं फॉर्मल्डिहाइड तापल्यावर जास्त सुटतं. आतून सगळा टंग-ग्रूव्हचा (खाचेनं एकमेकींत अडकणाऱ्या फळ्यांचा) पाइन, आणि गोंद कुठेही नाही, नुसते स्क्रू. स्क्रूंची डोकी आत बुडवून वर लाकडाची बुचं बसवली. उघडं राहिलेलं एखादं डोकं उघड्या पाठीला डाग देतं.

भिंतीच्या पोकळीत थर्मोकोल भरला. 900 रुपये. स्वस्त, हलका, कापायला सोपा. ही चूक होती, पण ती कळायला अजून तीन आठवडे होते.

15 डिसेंबर

दिवसभर वायरिंग.

घरातल्या मुख्य डीबीपासून (विजेच्या बोर्डापासून) सॉनासाठी वेगळी लाइन ओढली: 4 स्क्वेअर मिलिमीटर तांबं, 16 अँपिअरची एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पडणारा स्विच). आरसीसीबी टाळू नका. आत बसलेला माणूस घामानं भिजलेला असतो, ओल्या कातडीतून वीज सहज जाते, आणि एमसीबी त्याला वाचवू शकत नाही.

अर्थिंग तपासताना आणखी एक दुखणं निघालं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये 14 व्होल्ट. आमचं रो-हाऊस जुनं, अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला. नवीन तांब्याचा मुलामा दिलेला रॉड ठोकून घेतला, 6,200 रुपये. आता दीड व्होल्टच्या आत आहे. हा खर्च सॉनाच्या नावावर पडला खरा, पण इतकी वर्षं आमचा गिझर आणि वॉशिंग मशीन कशाच्या भरवशावर चालत होते, या विचारानं रात्री झोप लागली नाही.

22 डिसेंबर

पहिली रिकामी चाचणी. बाहेर 12 अंश, आत लक्ष्य 55.

चाळीस मिनिटांनी छताजवळ 64, बाकावर बसल्यावर छाती येते तिथे 51, पायाशी 33. कंट्रोलरचा (तापमान बघून पॅनेलं चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा) सेन्सर मी छतालगत लावला होता, त्यामुळे छत तापलं की पॅनेलं बंद आणि पाय गारच. सेन्सर छातीच्या उंचीला, पॅनेलपासून दूर, दोन भिंतींच्या कोपऱ्यात आणला.

त्यानंतर जे झालं ते नीट लिहून ठेवतो. दुसऱ्या चाचणीत 55 ला कंट्रोलरवरचा दिवा विझला, पण आकडा चढत राहिला. 58, 63, 67. आत हात घातला तर पॅनेलं गरमच. कंट्रोलरच्या आतली रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, चिकटली होती. तिच्यावर 10 अँपिअर लिहिलेलं होतं, माझा भार साडेसहाचा, म्हणून मी थेट तिच्यावर टाकला होता. एमसीबी पाडली तेव्हा 74 झालं होतं. आत त्या वेळी कुणी नव्हतं, ही देवाची कृपा.

रात्रीच नवं सर्किट कागदावर काढलं. कंट्रोलर आता फक्त काँटॅक्टरची (जड भाराच्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवणार, भार काँटॅक्टरवर. पॅनेलच्या मुख्य लाइनमध्येच, कॉइलमध्ये नाही, 16 अँपिअरचा आणि 80 अंशांना तुटणारा थर्मल कटआउट छताजवळ, हातानं परत दाबावा लागणारा. काँटॅक्टरही चिकटू शकतो, म्हणून कटआउट कॉइलमध्ये घालून उपयोग नाही. आणि या सगळ्याच्या आधी किल्ली फिरवायचा यांत्रिक टायमर, जास्तीत जास्त साठ मिनिटांचा. तीन वेगवेगळ्या वस्तू, आणि कुठलीही एक अडकली तरी उरलेल्या दोघी वीज तोडतील.

25 डिसेंबर

नाताळची सुट्टी. चाचणीत एक उग्र वास येत होता, तो राळेचा नव्हता. पाठीमागची भिंत उघडली.

थर्मोकोल पॅनेलच्या मागे आक्रसून वाटीसारखा आत गेला होता, कडा पिवळट. आणि माझी वायर मऊ पडली होती. घरात वापरतो ती पीव्हीसीची वायर 70 अंशांपर्यंतची. पॅनेलच्या मागे थर्मामीटर लावला तर 86. एवढी वर्षं हे काम करून माझ्या हातून ही चूक झाली. पेटीतली हवा साठाची असेल असा विचार केला आणि पॅनेलच्या पाठीचा केलाच नाही.

सगळं काढलं. आतली पूर्ण वायर सिलिकॉनची, 180 अंशांची. जोड सिरॅमिकच्या कनेक्टरमध्ये. थर्मोकोलच्या जागी दोन इंची रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर) आणि त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल, तिचे सांधे फॉइलच्या टेपनंच बंद. रॉकवूल भरताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. माझे मनगट दोन दिवस खाजत होते. फॉइल नीट सील केली नाही तर तेच बारीक धागे आतल्या हवेत येतील.

कटआउट हेअर ड्रायरनं तापवून पाहिला. 79 ला टक् असा आवाज आला आणि पॅनेलं बंद. तीनदा पाहिलं.

5 जानेवारी 2025

दार. आठ मिलिमीटरची टफन काच, 6,800 रुपये बिजागऱ्यांसह. मिस्त्रींनी हाताच्या सवयीनं बाहेरून कडी लावली होती. लगेच काढायला लावली. सॉनाच्या दाराला कडी, कुलूप, बोल्ट, काहीही नको. दार बाहेरच उघडलं पाहिजे आणि नुसत्या चुंबकावर टेकलं पाहिजे. आतला माणूस चक्कर येऊन दारावर कलंडला तर त्याच्या वजनानं ते उघडायला हवं. खाली दीड इंचाची फट, वर मागच्या बाजूला हाताएवढं भोक. यातून हवा खेळती राहते.

आतून पॉलिश नाही, व्हार्निश नाही.

12 जानेवारी

पहिला मी बसलो. 45 अंश, पंधरा मिनिटं.

बाराव्या मिनिटाला घाम फुटला. हवेपेक्षा पॅनेलची ऊब जाणवते, थंडीत उन्हात पाठ करून बसल्यासारखी. पण पाठ पॅनेलपासून चारच इंच होती आणि खांद्याच्या पात्यांवर लाली उमटली. लगेच पाठीला लाकडी पट्ट्यांची जाळी लावली, आता सहा इंच अंतर राहतं. रोज एकाच जागी शेक घेतला तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग कायमचे पडू शकतात. गावाकडे शेगडीला पाय लावून बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या नडग्यांवर हे मी पाहिलं आहे.

आत जाण्याआधी माझा बीपी 128/82, बाहेर आल्यावर 112/70. उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी. मी धडधाकट, तरी हे. उठण्याआधी दार उघडून दोन मिनिटं बसून राहायचं, हे तेव्हाच ठरलं.

14 जानेवारी, संक्रांत

आज ती बसली.

अर्ध्या तासापूर्वी दोन पेले पाणी प्यायली. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, सगळं काढून ठेवलं. धातू तापतो आणि त्याखालची कातडी भाजते. तीस वर्षांत मी तिला मंगळसूत्राशिवाय पाहिलं नव्हतं, तीही जरा अवघडली होती. मग म्हणाली, "डॉक्टर एमआरआयला काढायला लावतात, तसंच समज." खांद्यावरची दुखण्याची औषधी पट्टीसुद्धा काढली. उष्णतेनं काही पट्ट्यांमधलं औषध अंगात जास्त वेगानं जातं.

42 अंश, दहा मिनिटं. मी दाराबाहेर स्टुलावर.

आम्ही एक साधं माप ठरवलं होतं. मूठ मिटायची आणि मधल्या बोटाचं टोक तळव्यापासून किती लांब राहतं ते मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजायचं. सकाळी सातला उजव्या हाताचं अंतर 3.2 सेंटिमीटर. बाहेर आल्यावर 1.1. ती स्वतःच्या मुठीकडे बघत राहिली, मिटली, उघडली, परत मिटली. मग उठून तिळगुळाचे लाडू वळायला बसली. एरवी ते काम धाकट्या जावेकडे असतं. दुपारी तीनला परत मोजलं: 2.4.

म्हणजे चार-पाच तास. मी तेवढ्यावर खूश आहे.

26 जानेवारी

आता 48 अंश, पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. बाहेर आल्यावर अर्धा तास घोंगडी पांघरून पडून राहायचं. ही पद्धत जपानची. कागोशिमा विद्यापीठात डॉ. चुवा तेई यांनी हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांसाठी वाओन नावाची उपचारपद्धत बसवली, तिच्यात 60 अंशांच्या इन्फ्रारेड खोलीत 15 मिनिटं आणि नंतर 30 मिनिटं पांघरुणात विश्रांती असते. ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली करतात. घरी हृदयरुग्णाला आपल्या मनानं आत बसवायचं नाही. आम्ही त्यातली फक्त विश्रांतीची सवय घेतली आणि तिचा उपयोग दिसतो. घोंगडीत पडून राहिली तर मूठ जास्त वेळ सैल राहते.

2 फेब्रुवारी

आजची नोंद लिहायला जड जातंय.

आम्ही दोघं बाजारात गेलो होतो. बाबा घरी. वय 74, बीपीची गोळी, तिच्यात लघवी जास्त करवणारं औषधही आहे. सुनेला बरं वाटतंय हे ते रोज बघत होते, गुडघ्यांना आपल्यालाही शेक मिळेल म्हणून एकटेच जाऊन बसले. सकाळचा चहा सोडला तर पोटात काही नाही, पाणी नाही. कंट्रोलरवर आकडा मी आदल्या दिवशी चाचणीला ठेवलेला 55. टायमर पूर्ण फिरवला. पाऊण तास आत. बाहेर येऊन दोन पावलं टाकली आणि पॅसेजमध्ये भिंतीला धरून खाली बसले.

आम्ही आलो तेव्हा ते तिथेच होते, घामानं थबथबलेले, बोलत होते पण शब्द जड. बीपी 92/58. आडवं केलं, पाय उशीवर, पंखा, मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट. फॅमिली डॉक्टर वीस मिनिटांत आले. तासाभरात 118 वर आला. डोकं आपटलं नाही. ते आपटलं असतं, हे मला विसरता येत नाही.

दोष माझा. मी विजेच्या बाजूला तीन अडसर घातले होते आणि माणसासाठी एकही नव्हता.

संध्याकाळीच किल्लीचा स्विच बसवला. किल्ली माझ्याकडे किंवा बायकोकडे. टायमर बदलून 30 मिनिटांचा लावला. कंट्रोलरची कमाल मर्यादा 52 वर कुलूपबंद. आणि बाहेर कुणी बसलेलं नसेल तर पॅनेलं लागणार नाहीत, हा घरचा नियम.

9 फेब्रुवारी

डॉक्टरांशी सविस्तर बोललो. बाबांना सॉना बंद. त्यांच्या गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी पुरेल.

माझ्या धाकट्या बहिणीला तिसरा महिना आहे. ती यायची म्हणत होती, तिलाही नाही सांगितलं. पहिल्या महिन्यांत आईच्या अंगाचं तापमान वाढणं बाळाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीला धोक्याचं असतं. शेजारच्या काकांना मधुमेह आहे, तळपायाला स्पर्श कळत नाही. भाजलं तरी त्यांना कळणार नाही, म्हणून त्यांनाही नाही. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला, छातीत दुखणारा, ताप असलेला, दारू घेतलेला, असा कुणीही आत जाणार नाही. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या पुरुषानंही टाळावं, उष्णतेनं शुक्राणू काही महिने घटतात.

ओळखीच्या वैद्यबाई हे ऐकून म्हणाल्या, ही यादी जुनीच आहे. चरकसंहितेत स्वेदनाचे (घाम काढण्याचे) अग्नीचे तेरा प्रकार आहेत, त्यातला कुटीस्वेद म्हणजे तापवलेल्या कुटीत बसवणंच. आणि कुणाला घाम काढू नये त्यात गर्भिणी, मधुमेही, रोज मद्य घेणारा, तहानलेला, भुकेला असे सगळे आहेत. बाबा रविवारी तहानलेले आणि भुकेले दोन्ही होते.

16 फेब्रुवारी

कारखान्यातल्या मित्रानं वजन कमी करण्यासाठी विचारलं. मी स्वतः तोलून दाखवलं: वीस मिनिटांत 400 ग्रॅम कमी, रात्री जेवून-पाणी पिऊन होतं तेवढंच. जातं ते पाणी आणि मीठ. अंगातली विषं घामावाटे निघतात असंही त्यानं वाचलं होतं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

त्यानं दाखवलेल्या जाहिरातीत फिनलंडच्या अभ्यासाचा हवाला होता. अभ्यास खरा आहे: कुओपिओ भागातले 2,315 मध्यमवयीन पुरुष, वीस वर्षांचा पाठपुरावा, 2015 साली प्रसिद्ध. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकारानं अचानक मृत्यू कमी आढळले. पण तो दगड तापवून, ऐंशी अंशांच्या आसपास घ्यायचा फिनिश सॉना आहे. तिथे ती लहानपणापासूनची रीत. त्याचे आकडे इन्फ्रारेडच्या पेटीवर चिकटवून विकणं मला पटत नाही. आजारी माणसं अशा आकड्यांवर भरवसा ठेवून पैसे मोजतात.

30 मार्च, पाडवा

दुपारचं तापमान सदतिसावर. ज्या खोलीत सॉना आहे तीच पस्तीस अंशांची. आजपासून पावसापर्यंत बंद. गेल्या अडीच महिन्यांत ती 31 वेळा बसली. दोनदा सांधे सुजलेले होते म्हणून टाळलं. सकाळचा आखडलेपणा वहीत लिहून ठेवलाय. बसण्याच्या दिवशी तो तासावरून वीस-पंचवीस मिनिटांवर येतो, न बसल्याच्या दिवशी पहिल्यासारखाच. संधिवाताची मेथोट्रेक्झेटची आठवड्याची गोळी आणि रक्ताच्या तपासण्या ठरल्याप्रमाणे चालू.

22 जून

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. आज सॉना उघडायला गेलो तर दार उघडेना. दोन्ही हातांनी ओढावं लागलं.

फळ्या दमट हवेनं फुगल्या होत्या. जानेवारीच्या कोरड्या हवेत आम्ही त्या एकमेकींना घट्ट भिडवल्या, हलायला जागाच ठेवली नाही. चौकट आत आली आणि काच खाली घासायला लागली. हिवाळ्यात घरातली सगळ्यात सुरक्षित वस्तू वाटणारं ते दार, आत कुणी असतं तर सापळा ठरलं असतं. बाकाखाली काळ्या बुरशीचे ठिपकेही आले होते.

मिस्त्रींना बोलावलं, 1,500 रुपये. चौकटीला चार मिलिमीटर रंधा मारला, प्रत्येक तिसरी फळी काढून तीन मिलिमीटर जागा ठेवली. बुरशी व्हिनेगरच्या पाण्यानं घासून पुसली. आता पावसाळ्यात दर रविवारी रिकामा सॉना वीस मिनिटं तापवून दार उघडं ठेवतो. महिन्यातून एकदा दार करंगळीनं उघडतं का ते बघतो. करंगळीनं उघडलं नाही तर त्या दिवशी सॉना नाही.

10 ऑगस्ट

हिशोब लावला. पॅनेलं 21,000. वखारीचं लाकूड 17,400. मजुरी 12,000. विजेचं सामान 7,900, त्यात फेकलेली पीव्हीसी वायरही आली. दार 6,800, अर्थिंग 6,200, रॉकवूल आणि फॉइल 3,600. वाया गेलेलं पॅकिंगचं लाकूड 4,800, थर्मोकोल 900, पावसानंतरची दुरुस्ती 1,500. एकूण 82,100. अंदाज 60 हजारांचा होता. वेळ: दहा रविवार, चार सुट्ट्या आणि बऱ्याच रात्री. वीज एका वेळेला एक युनिटच्या आसपास, पंचवीस मिनिटं तापायला आणि पंधरा-वीस बसायला.

बाबा आता बाहेरच्या स्टुलावर बसतात. पहारा त्यांनी आपणहून मागून घेतला. हातात घड्याळ, शेजारी पाण्याचा तांब्या, दर पाच मिनिटांनी "बरं वाटतंय ना गं?" अशी हाक. आतून उत्तर आलं नाही तर दार उघडायचं, विचारत बसायचं नाही, हे त्यांना मी सांगितलंय.

आज सकाळी मुठीचं अंतर 2.9, नंतर 0.9. सव्वाआठला तिनं कणीक मळली. दाराची खालची बिजागरी किंचित खाली बसल्यासारखी वाटते, पुढच्या रविवारी काढून बघायची आहे.